गाडीचा पंप बंद पडायच्या आधी काय सांगतो



या वेळचा विषय जरा वेगळा आहे. बचत, अंतर्गत कर्ज, शेळी, कोंबडी, मसाला-पापड यांवर आपण नेहमीच बोलतो. आज गाडीवर बोलू या. गाडी म्हटल्यावर "ते आमच्या ह्यांचं काम" किंवा "पोराला विचारा" म्हणून पान उलटू नका, कारण आता गाड्या गटातल्या बायकांच्या नावावर आहेत. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात २०१७ पासून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आहे. तीत गटातल्या ताईला प्रवासी गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची सोय आहे. कुणी योजनेतून घेतली, कुणी बँकेच्या कर्जातून, कुणी जुनीच विकत घेतली. कशीही घेतलेली असो, हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो. गाडी दारात उभी आहे म्हणून हप्ता थांबत नाही.

गेल्या हंगामात एका गटाची व्हॅन टोमॅटोचे क्रेट भरून संगमनेरहून नारायणगावच्या बाजाराला निघाली होती. चंदनापुरी घाट चढताना गाडीने आधी झटके दिले आणि मग ती बंदच पडली. अर्ध्या तासाने सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा बंद. मेकॅनिक येऊन गाडी ओढून नेईपर्यंत दिवस गेला आणि माल दुसऱ्या दिवशी मऊ पडून पडत्या भावाने गेला. फ्युएल पंप गेला होता. पुढच्या बैठकीत मी गेले तेव्हा अध्यक्ष ताईंनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, हे आधी कळलं नसतं का हो?"

कळलं असतं. चौकशी केल्यावर गाडी चालवणारा पुतण्या म्हणाला की महिनाभर गाडी सकाळी "जरा नाटकं करत होती". त्याला माहीत होतं, मालकिणींना नव्हतं. म्हणून हा लेख.

पंप म्हणजे कोणता पंप?

पेट्रोल पंप म्हटलं की आपल्याला रस्त्यावरचा, रांग लावायचा पंप आठवतो. इथे बोलतोय तो गाडीच्या आत असलेल्या छोट्या पंपाबद्दल. मेकॅनिक त्याला फ्युएल पंप किंवा टाकीतली मोटर म्हणतात. तो समजायला अवघड नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या बोअरमध्ये त्याचाच मोठा भाऊ बसलेला आहे. बोअरची सबमर्सिबल मोटर पाण्यात बुडून असते, खालून पाणी उचलते आणि दाबाने वर पाठवते. आजकालच्या पेट्रोल गाडीतला पंप तसाच टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून असतो. विजेवर चालतो आणि पाइपातून पेट्रोल इंजिनकडे ढकलतो. दाब साधारण तीन-चार किलो, म्हणजे कारच्या चाकात आपण जेवढी हवा भरतो त्याहून जास्त. एवढा दाब मिळाला तरच इंजिनजवळचे इंजेक्टर पेट्रोलचा बारीक फवारा मारू शकतात. दाब कमी झाला की फवारा नीट होत नाही. टाकीची तोटी शेवटच्या घराला करंगळीएवढी वाहते ना, तसं.

आता बोअरच्या मोटरीचं आपल्याला काय माहीत आहे? उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, मोटर कोरडी चालली, तर ती जळते. कारण तिला थंड ठेवणारं पाणीच असतं. गाडीच्या पंपाचंही अगदी हेच. त्याला थंड ठेवतं ते पेट्रोल, आणि त्याच्या आतल्या भागांना वंगण मिळतं तेही पेट्रोलचंच. म्हणून रोज शंभराचं पेट्रोल टाकून काटा कायम रिझर्व्हवर ठेवून चालवलेल्या गाडीचा पंप लवकर जातो. टाकीच्या तळाचा गाळही मग जास्त ओढला जातो. हातात रोख पैसे नसतात म्हणून असं होतं, हे मला समजतं. पण पेट्रोल शंभर वेळा शंभराचं टाकलं काय आणि दहा वेळा हजाराचं टाकलं काय, लागणारं पेट्रोल तेवढंच. पाव टाकी नेहमी शिल्लक ठेवायची, असा गटात ठराव करायला हरकत नाही.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत तर हे हमखास घडतं. सीएनजी स्वस्त पडतो म्हणून पेट्रोल नावापुरतं ठेवायचं. पण सीएनजीच्या बऱ्याच गाड्या सुरू होताना पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. म्हणजे रोज पंपाला काम आहेच, आणि तेही जवळजवळ कोरड्या टाकीत. शिवाय महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत पडून शिळं होतं. गॅसच्या गाडीतही पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर तरी पेट्रोलवर चालवा.

दोन सेकंदांची घूं

आता मुख्य गोष्ट. यासाठी गाडी चालवता यायला हवी असं मुळीच नाही.

चावी फिरवताना दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात समोरचे लाइट लागतात, दुसऱ्या टप्प्यात स्टार्टर फिरतो. पहिल्या टप्प्यावर थांबायचं. गाणी, पंखा, मोबाइल सगळं बंद. अशा वेळी बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या बाजूने "घूंऽऽ" असा बारीक आवाज येतो आणि साधारण दोन सेकंदांत थांबतो. तो पंपाचा आवाज. इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पाइपात दाब भरून ठेवतो.

बऱ्याच गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली असते, व्हॅनमध्ये पोटाखाली. म्हणजे पंपाचा आवाज सगळ्यात चांगला कुणाला येतो? पुढे बसलेल्या ड्रायव्हरला नाही, मागे बसलेल्या बाईला! आपण सगळ्या मागेच बसतो. तर मग बसल्या बसल्या कान द्या.

तुमच्याकडे २०२० नंतरची स्कुटी असेल तर आज घरीच सराव करा. बीएस-६ चे नियम आल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींतही असा छोटा पंप असतो. चावी ऑन करा, बटण दाबू नका, आवाज ऐका. एकदा कानात बसला की विसरत नाही. गाडी चांगली असतानाच तो ऐकून ठेवायचा, हे महत्त्वाचं. बाळाचं नेहमीचं रडणं माहीत असतं म्हणून तर दुखण्याचं रडणं वेगळं ओळखू येतं.

पुढे तो आवाज बदलला तर काय समजायचं? नुसती घूं होती ती आता किंचाळल्यासारखी, चिरकी झाली आणि गाडी चालतानाही मागून ऐकू येऊ लागली, तर पंप थकलाय, किंवा जाळी तुंबल्यामुळे त्याला पेट्रोल ओढायला जोर लागतोय, किंवा टाकीत पेट्रोल फार कमी आहे. आधी पेट्रोल भरून बघा. तरी आवाज तसाच राहिला तर गॅरेज गाठा. आवाज अजिबातच नसेल तर पंपाला वीज पोहोचत नाही किंवा पंप जाम झालाय. (काही गाड्यांत पंप दार उघडल्यावर किंवा स्टार्टर फिरल्यावरच चालतो. म्हणून तुमच्या गाडीची सवय आधी माहीत हवी.)

बाकीच्या खुणा

पहिली खूण सकाळी दिसते. रात्रभर उभी असलेली गाडी पूर्वी एका स्टार्टरमध्ये लागायची, आता तीन-चार वेळा स्टार्टर मारावा लागतो. अशा वेळी एक सोपी युक्ती करून बघा. चावी पहिल्या टप्प्यावर आणायची, दोन सेकंद थांबायचं, बंद करायची. असं तीन वेळा. मग स्टार्टर मारायचा. आता गाडी पटकन लागली, तर पाइपातला दाब रात्रीतून उतरतोय असं समजा. पंपातल्या वाल्व्हमधून पेट्रोल मागे टाकीत जात असेल, पंप कमजोर झाला असेल, नाहीतर एखादा इंजेक्टर गळत असेल. हे मेकॅनिकला याच शब्दांत सांगितलंत तर त्याचा अर्धा तास वाचतो आणि ही बाई काहीतरी जाणते हेही त्याला कळतं.

दुसरी खूण चढावर आणि भरलेल्या गाडीत दिसते. घरात चार माणसांचा स्वयंपाक आरामात होतो, पण अचानक पंगत बसली की चूल पुरत नाही. पंपाचंही तेच. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी थोड्या पेट्रोलवर चालते, म्हणून कमजोर पंपही निभावून नेतो. घाट आला, गाडी भरलेली आहे, एक्सलेटर दाबला, की इंजिन एकदम जास्त पेट्रोल मागतं आणि पंपाची ताकद उघडी पडते. गाडी झटके देते, मिसिंग करते, पिकअप घेत नाही. एक्सलेटर सोडला की पुन्हा जरा बरी चालते. चढावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, त्यामुळे टाकी कमी असेल तर त्रास आणखी वाढतो. गावातल्या गावात ठीक आणि घाटात रडणारी गाडी असेल, तर "लोड जास्त होता" म्हणून विषय सोडून देऊ नका. तेवढाच लोड ती मागच्या वर्षी नेत होती का, हे आठवा.

तिसरी खूण उन्हाळ्यातली. तास-दीड तास चालल्यावर गाडी आपोआप बंद पडते, वीस मिनिटं सावलीत उभी केली की सुरू होते. गरम झालेला पंप अडकतो आणि थंड झाल्यावर सुटतो. पण इथे सावध राहा, कारण इंजिनचा क्रँक सेन्सर खराब झाला तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. फरक ओळखायला तीच घूं कामाला येते. गाडी बंद पडल्या पडल्या चावी पहिल्या टप्प्यावर आणून ऐका. आवाज नेहमीसारखा आला तर पंपावर लगेच ठपका ठेवू नका. आलाच नाही, तर संशय पंपाकडे आणि त्याच्या विजेकडे जातो.

सीएनजीवाल्यांसाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे. गाडी गॅसवर नीट पळते आणि पेट्रोलवर टाकली की झटके देते, तर दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. दोन्हीवर झटके देत असेल तर प्लग, कॉइल अशा दुसऱ्या ठिकाणी शोधायला हवं.

आणि पंपाची खूण नसलेली एक गोष्ट. चावी फिरवल्यावर नुसतं टक्-टक् झालं, दिवे मंद झाले, स्टार्टर फिरलाच नाही, तर ती बॅटरी किंवा स्टार्टर. पंपाचा संबंध येतो तो स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही तेव्हा.

पंप बदलायच्या आधी

ही खरी पैशाची जागा आहे. एका दुसऱ्या गटाच्या गाडीला तालुक्याच्या गॅरेजमध्ये नवीन पंप बसवला. तीन दिवसांनी गाडी पुन्हा उभी. शेवटी सापडलं काय, तर पंपाकडे जाणाऱ्या वायरचा कनेक्टर जळून काळा पडला होता आणि पंपाला पुरती वीजच मिळत नव्हती. जुना पंप चांगलाच होता, पण तोपर्यंत तो भंगारात गेला होता. मेकॅनिक लबाड होता असं मी म्हणणार नाही. तपासायला वेळ लागतो, बदलायला लागत नाही, आणि बदलण्याचे पैसे गिऱ्हाईक देतं. आपण विचारलं नाही तर कुणीही सोप्या वाटेने जाईल.

म्हणून विचारा. फ्यूज पाहिला का? फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो. रिले पाहिला का? रिले म्हणजे पंपाला वीज सोडणारा छोटा डबा, तो काहीशे रुपयांत येतो. बऱ्याच गाड्यांत तसाच दुसरा रिले शेजारी असतो, तो अदलाबदल करून मेकॅनिक पाच मिनिटांत खात्री करू शकतो. पंपाच्या कनेक्टरला पुरती वीज आणि अर्थिंग येतंय का? बॅटरी कमजोर असेल तरी पंप मंद चालतो, मोटरीला व्होल्टेज कमी मिळालं की पाणी कमी येतं तसंच. फिल्टर तुंबलाय का? आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: "गेज लावून प्रेशर दाखवा." फ्युएल प्रेशर गेज हे घड्याळासारखं साधन आहे. गाडीच्या कंपनीने दिलेला दाब किती आणि काट्यावर किती, हे दोन आकडे तुम्हाला वाचता येतात. बीपी न मोजता बीपीची गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण जात नाही. ज्याच्याकडे गेज नाही त्याला पंप बदलायला सांगू नका. पूर्ण पंप बदलायचा म्हटलं तर गाडीनुसार काही हजारांचा खर्च येतो, त्यासाठी दुसऱ्या गॅरेजला जायचं भाडं परवडतं.

पावसाळ्यात आणखी एक शक्यता धरा. पेट्रोल भरलं आणि दोन-चार किलोमीटरवरच गाडी झटके देऊ लागली, आधी काहीच नव्हतं, तर पंप नाही, पेट्रोलच संशयास्पद आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. पाणी शिरलं की इथेनॉल त्या पाण्याबरोबर खाली बसतं, आणि पंप ओढतो तो तळातूनच. पेट्रोल भरताना शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते, आणि माप बरोबर आहे का हे पाच लिटरच्या मापाने तपासून मागता येतं. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे, लाजू नका. पावती मात्र जपून ठेवा. पावती नसेल तर तक्रारीत काही दम राहत नाही.

रस्त्यात उभी राहिली तर

गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, माणसं उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा. घाटात वळणावर गाडीच्या मागे कुणी थांबायचं नाही. मग काट्यावर पेट्रोल आहे ना ते पाहा, हसू नका, बऱ्याचदा तेच निघतं. फ्यूज पाहा. घूं ऐका. आवाज येत नसेल तर एक जुनी युक्ती आहे: एकाने स्टार्टर मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या तळाला लाकडाने किंवा चपलेने हलके ठोकायचं. जाम झालेला पंप कधी कधी त्या धक्क्याने सुटतो. सुटला तर बाजाराला जायचं नाही, सरळ गॅरेजला. तो पुन्हा अडकणार हे नक्की, आणि पुढच्या वेळी गाडीत माल असेल की बाळंतपणाला निघालेली बाई, हे आपल्या हातात नाही. पेशंट गाडीत असेल तर ठोकाठोकीत वेळ घालवू नका, आधी १०८ ला फोन करा, गाडीचं मग बघता येईल.

एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका. "पेट्रोल येतंय का बघतो" म्हणून गरम इंजिनाजवळचा पाइप सोडून स्टार्टर मारणं. दाबाने पेट्रोल उडतं, समोर तापलेलं इंजिन असतं, आणि बघ्यांपैकी एखाद्याच्या तोंडात बिडी असते. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर चावीही फिरवायची नाही.

डिझेल पिकअप असलेल्या गटांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे पंपाची रचना वेगळी असते, वरचं सगळं तसंच्या तसं लावू नका. तिथे बहुतेक त्रास फिल्टर तुंबणं, डिझेलमध्ये पाणी आणि लाइनमध्ये हवा धरणं यातून येतो. फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी काढायला सांगा. नव्या डिझेल इंजिनात मोठ्या पंपाचा दाब हजार किलोच्या वर जातो, त्यामुळे गळती बोटाने चाचपायची नाही, ती धार कातडीत घुसते.

गाडीची वही

गटाची बचत, कर्ज, परतफेड लिहिणारी लिपिका आपल्याकडे आहेच. गाडीसाठी एक साधी वही घाला. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल टाकलं, आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न: सकाळी किती स्टार्टरमध्ये लागली? चालवणाऱ्याने रोज एक आकडा लिहायचा. एक, एक, एक, दोन, एक, तीन, तीन. हे पाहायला इंजिनिअर लागत नाही. आठवड्याच्या बैठकीत इतर हिशोबांबरोबर ही वही वाचली की तीनचा आकडा सगळ्यांसमोर येतो, आणि गाडी गॅरेजला कधी न्यायची हे बाजाराचा दिवस टाळून ठरवता येतं. चालवणारा पगारी असो की घरचा, "नाटकं करते" एवढ्यावर त्याला सोडू नका. कधी, किती वेळा, चढावर की सपाटीला, हे विचारा.

आणि पंप बदललाच, तर पक्कं बिल घ्या, त्यावर पार्टचा नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या आणि जुना पंप मागून घरी आणा. त्याच्या खालची जाळी पाहा. ती काळी, चिकट, गाळाने भरलेली असेल तर टाकी धुतली का, हे पैसे देण्याआधी विचारा. टाकी तशीच ठेवून नवा पंप बसवला, तर त्याची जाळीही त्याच गाळाने भरेल.